गाडीचं छप्पर आणि लोणच्याच्या बरण्या

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण जागा लागते. काशीत बालाजी घाटाजवळ, जिथं समोरून गाय आली तर माणसाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं, तिथं राहणाऱ्यानं मोटार बाळगावी हेच मुळात धाडस. देवदत्त पुणतांबेकरांनी तर ऐन उमेदीत दोन सीटांची, फायबरच्या अंगाची स्पोर्ट्स कार जुनी म्हणून विकत घेतली होती. गाडी गंगेपलीकडे रामनगरात, ओळखीच्या एका लाकडाच्या वखारीत राही आणि मालक अलीकडे कॉलेजात गणित शिकवीत. उन्हाळ्यात तिचं छप्पर उतरवायचं आणि थंडीत परत चढवायचं, हा त्यांच्या घरातला एक सणच होता.

यंदा वखारीत उंदीर फार झाले, म्हणून चैत्रात छप्पर घरी आणलं. नावेतून घाटावर आलेलं ते अखंड कवच पांढऱ्या चादरीत गुंडाळून चौघांनी खांद्यावर घेतलं, तेव्हा पायऱ्यांवरच्या दोन यात्रेकरूंनी बाजूला होऊन हात जोडले. देवदत्तरावांच्या पत्नी सुनीतीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. देवदत्तरावांनी वर पोचताच ती चादर काढून टाकली.

छप्पर गच्चीवर दोन टोकांना विटा लावून ठेवलं गेलं. वैशाखात सुनीतीबाईंना शोध लागला की तापलेल्या फायबरवर माकडं बसत नाहीत. झालं. कापड अंथरून त्यावर कुरडया पडल्या, मग सांडगे, आणि शेवटी ऊन दाखवायला लोणच्याच्या भरलेल्या बरण्या, अगदी मधोमध. बनारसचं ते ऊन आणि वर बरण्यांचं ओझं. बिचारं छप्पर काही बोललं नाही, हळूहळू वाकत राहिलं.

दिवाळीनंतर ते रामनगरला नेऊन गाडीवर ठेवलं तेव्हा सगळं उघडं पडलं. मधे खोलगट झालेलं, बाजू बाहेर फाकलेल्या. खिडकीची काच आणि छप्पर यांच्यात हात जाईल एवढी फट.

"चूक विटांची," देवदत्तराव म्हणाले. "आधार मधे द्यायला हवा होता. माझ्याच लक्षात नाही आलं."

बरण्यांचं त्यांनी नावही काढलं नाही. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर सुनीतीबाईंना बरं वाटलं असतं. भांडून मोकळं होता आलं असतं. या माणसाच्या चांगुलपणाचा त्यांना कधीकधी फार राग येई, तसा त्या दिवशी आला.

राग स्वतःचाही होता, कारण हा हिवाळा नेहमीसारखा नव्हता. वर्षभरापासून देवदत्तरावांचे हात थरथरत होते. आधी चहाची बशी वाजू लागली, मग सही बदलली. गाडी चालवायची ती याच हिवाळ्यापुरती, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, "गुरुजी, इस जाड़े के बाद गाड़ी नहीं." दर हिवाळ्यात दोघं त्या गाडीतून रामनगरहून चुनारला जात, किल्ल्याखाली बसून घरून नेलेल्या दशम्या खात आणि परतत. सुनीतीबाईंना दम्याचा त्रास. गार वारा छातीला लागला की संपलंच. म्हणजे छप्पर नाही तर चुनार नाही, आणि यंदा नाही तर पुन्हा कधीच नाही. नवऱ्याची शेवटची फेरी आपण बरण्यांखाली चेपली, हे त्यांच्या मनातून जाईना.

छप्पर परत गच्चीवर आलं. पहिला प्रयोग देवदत्तरावांचा. दोन्ही बाजूंना दोर बांधून, मधे काठी घालून त्यांनी पीळ द्यायला सुरुवात केली. फाकलेल्या बाजू जराशा आत आल्या आणि कुठंतरी कट् असा आवाज झाला. देवदत्तरावांनी पीळ थांबवला. कोपऱ्यात केसासारखी रेघ उमटली होती.

"राहू द्या आता," सुनीतीबाई म्हणाल्या. "करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं नको."

"मग काय, असंच सोडून देऊ?"

"सोडा कशाला? पापड वाळताना वाकडा झाला तर मी काय करते? कडक पापड दाबला की मोडतो. ओल्या कपड्यात ठेवायचा, नरम पडला की वजनाखाली घालायचा, आणि पूरा सुकेपर्यंत हात नाही लावायचा."

देवदत्तरावांनी काठी काढून दोर सोडला. मग म्हणाले, "पाणी उकळतं पाहिजे. आणि सरळ करून भागणार नाही, जरा उलट्या बाजूला जास्तच वाकवावं लागेल. सोडलं की ते थोडं परत येतं."

"पापड नाही येत परत."

"पापडाचा स्वभाव चांगला असतो."

छप्पर उलटं केलं. आता खोलगट भाग वर, फुगवट्यासारखा आला. खाली रजया, वर पोती, आणि पोत्यांवर उकळतं पाणी. खालच्या चुलीवरून पातेली वर नेता नेता सुनीतीबाईंच्या नाकी नऊ आले. देवदत्तरावांना पातेलं उचलता येईना. ते पोत्याखाली बोट घालून बघत आणि सांगत, "अजून कडक आहे. अजून. हं, आता." ते 'आता' म्हणताच सुनीतीबाईंनी फुगवट्यावर बरण्या ठेवल्या, त्याच. लोणचं दुसरीकडे काढून त्यात पाणी भरलं होतं. बाजूंचे दोर हलक्या हातानं आवळले. या वेळी कुठंही आवाज झाला नाही.

मग वाट पाहणं. निवेपर्यंत हात लावायचा नाही, हे दोघांनी एकमेकांना इतक्यांदा बजावलं की शेजारच्या छतावरून अंबिकाकाकूंनी विचारलं, "अहो, बाळबीळ झोपलंय का तिथं?"

सगळी दुरुस्ती एका फेरीत झाली नाही. उजवा कोपरा हट्टी निघाला, त्याला पुन्हा शेकावं लागलं. रेघ फायबरच्या लेपानं बुजवली. देवदत्तराव उजव्या खिडकीच्या रबराशी तर तासन्‌तास बसत. इथून वारा यायला नको, एवढं एकच पालुपद. सुनीतीबाईंना वाटे, स्वतःच्या शेवटच्या फेरीसाठी माणूस किती जीव टाकतो. त्यांना भरून येई आणि त्या उगाच खाली चहा करायला जात.

संक्रांतीच्या आधी, एका उन्हाच्या सकाळी, वखारीत छप्पर गाडीवर बसलं. अगदी फिट नव्हे, डावीकडे किंचित उंच, पण बसलं. पुढच्या खिट्ट्या लावायला देवदत्तरावांचे हात वळेनात, त्या सुनीतीबाईंनी लावल्या. काचा वर केल्या. आत डावीकडे, आपल्या नेहमीच्या जागी बसून सुनीतीबाईंनी चेहरा फिरवून पाहिला. वारा नव्हता.

देवदत्तरावांनी खिशातून किल्ली काढली आणि सुनीतीबाईंच्या हातावर ठेवली.

"उतर. उजवीकडे बस."

"मी? अहो, फेरी तुमची आहे."

"माझी गेल्या वर्षीच झाली. येताना पुलाजवळ हात घसरला होता. तुला सांगितलं नाही."

लग्नानंतर सुनीतीबाईंनी लायसन्स काढलं होतं, पण ही गाडी नाजूक, असं म्हणून देवदत्तरावांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता.

"मग हा सगळा खटाटोप?"

"चालवणाऱ्याला वारा जास्त लागतो," ते म्हणाले. "तुला दम लागला तर गाडी कोण चालवणार?"

सुनीतीबाईंना रडू आलं. रागही आला, नेहमीचाच. "हे आधी बोलायला काय झालं होतं?"

"बोललो असतो तर तू छपराला हातही लावला नसतास."

खरंच लावला नसता. त्या उतरल्या, गाडीला वळसा घालून उजवीकडे बसल्या, सीट पुढं ओढली. देवदत्तराव डावीकडे येऊन बसले, त्यांनी शाल गुडघ्यांवर घेतली आणि हात तिच्याखाली ठेवले.

"पहिला गिअर जरा जड पडतो," ते म्हणाले.

"माहीत आहे," सुनीतीबाई म्हणाल्या. इतकी वर्षं शेजारी बसून त्या तेच तर बघत आल्या होत्या.