विनिताची साक्ष

चौलकडच्या एका प्रार्थनामंडळीत दर रविवारी साक्षी होतात. देवानं काय दिलं ते उठून सांगायचं. रीत चांगली, पण तिला भलतीच कीड लागली होती. कुणी नवी मोटार सांगायचं, कुणी नागावला बांधलेला होमस्टे, आणि माइक फिरून फिरून त्यांच्याच हातात जायचा. दाखवायला काही नसलेले मागच्या सतरंजीवर. एखाद्या घरातून तीन महिने साक्ष आली नाही, की तिथं लपलेलं पाप आहे असं ठरायचं आणि घरच्यांना पुढे उभं करून पापकबुली घेतली जायची. ज्याला स्वतःचं छप्पर नव्हतं त्या येशूच्या नावानं हे चालायचं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. संताप येतो तो याचाच.

विनिताच्या घराला तिसरा महिना भरत आला होता. तिचा नवरा धर्मा गणपतीच्या तोंडावर नारळ काढताना माडावरून पडला, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेला. ती एका होमस्टेच्या स्वयंपाकघरात राबून घर चालवत होती.

शनिवारी सकाळी पास्टर सुजित घरी आले. "विनिताताई, उद्या मुंबईचे पाहुणे आहेत. घरावर नवे पत्रे चढले, एवढंच सांगा. नाहीतर पापकबुली टळत नाही."

"कुठले नवे पत्रे, पास्टर? जुनेच हायेत, गळके."

"विश्वासानं आधी बोलायचं असतं. मग देव देतो."

ते गेले आणि धर्मानं पेजेची वाटी बाजूला सारली. आठवडाभर त्याचं हेच चाललं होतं. "माझंच कायतरी पाप असंल. न्हायतर इतकी वर्सं माड चढलो, आत्ताच कसा पडलो?"

हाडांवर डॉक्टर इलाज करत होते. हे दुखणं मात्र मंडळीनं दिलेलं होतं. विनिता चिडली, पास्टरवर चिडली, आणि इतके दिवस गप्प बसलेल्या स्वतःवर त्याहून जास्त.

रविवारी तिनं माइक घेतला. "आमच्या घरात नवं कायपण न्हाय. नवरा पडला तो माडाला शेवाळ होतं म्हणून. पाप न्हवतं ते." मागे बसलेल्या मासळीवाल्या केसरकडे तिनं हात केला. "हिच्या घरी कधी असतं, कधी नसतं. पण तवापासून एक दिस आमच्याकडं कालवण पोचलं न्हाय असं झालं न्हाय. यांना कुशीवर वळवायला ही नि हिचा नवरा येतात. देवानं मला हे दिलंय, नि ते भरपूर हाय. हीच माझी साक्ष."

कुणी आमेन म्हटलं नाही. पास्टरांनी माइक काढून घेऊन मोटारवाल्या स्वप्निलला दिला. टाळ्या वाजल्या.

घरी धर्मानं विचारलं, "काय बोललीस?"

"माडाला शेवाळ होतं, तेच बोलले."

"होतंच," तो म्हणाला, आणि त्यानं पेज मागितली.

मंडळी मात्र ढिम्म हलली नाही. पुढच्या रविवारी पापकबुलीला नाव पुकारलं ते केसरचं; तिच्याही घरातून तीन महिन्यांत साक्ष आली नव्हती. ती मान खाली घालून पुढे गेली. विनिता उठली, माणसांतून वाट काढत तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हिचं पाप ज्याला ठावं हाय, त्यानं उठून सांगावं."

समोर शंभरेक माणसं होती. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या आजारपणात केसरचं कालवण पोचलेलं होतं. पाप सांगायला कुणी उठलं नाही, आणि त्या दोघींशेजारी उभं राहायलाही नाही.