जिन्याखालची मतपेटी

मित्रांनो, नगरपालिकेच्या जिन्याखाली, झाडूंच्या मागे जी हिरवी पत्र्याची पेटी दिसते ना, ती मी. मी एक जुनी मतपेटी आहे. माझ्याशी बोलायला इथे कोणी नाही, म्हणून तुम्हालाच धरून बसवते.

ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझं तोंड मुद्दाम अरुंद ठेवलं. कागदाची घडी आत जावी, पण हात जाऊ नये! निवडणूक आली की माझा थाट काय विचारता! मला लाखेची मोहर लागायची, पोलीस राखण करायचे. मोजणी संपली की पुन्हा कपाटावर. एक दिवस गर्दी आणि मग वर्षानुवर्षं एकांत, असंच माझं आयुष्य.

एका वर्षी नगराध्यक्षाची निवडणूक होती आणि प्रश्न एकच होता. समोरचा बाळंतपणाचा दवाखाना राहणार, की तिथे गोदाम होणार? गोदाम हवं असलेला कंत्राटदार उभा राहिला. दवाखाना वाचवायला तिथल्याच नर्सबाई उभ्या राहिल्या, आणि त्यांची धाकटी जाऊही, जी शाळेत शिकवायची. दोघींचं म्हणणं एकच. थोरलीला वाटलं, धाकटी माघार घेईल. धाकटीला वाटलं, थोरली मोठेपणा दाखवेल. विचारायचं कोणी? तोवर अर्ज मागे घ्यायची मुदत निघून गेली.

मला उघडलं तेव्हा दर दहा मतांत चार कंत्राटदाराची निघाली, तीन थोरलीची, तीन धाकटीची.

"सर्वात जास्त मतं कंत्राटदारांना. तेच विजयी," अधिकारी म्हणाले.

मला ओरडावंसं वाटलं, अहो, दहातल्या सहांना दवाखाना हवाय! पण नियमच तसा होता. जो पुढे तो जिंकला; निम्मे लोक तरी त्याच्या बाजूने आहेत का, हे कोणी बघत नव्हतं.

दवाखान्यात सिमेंटची पोती रचली गेली. बाळंतिणींना दूरच्या शहरात न्यावं लागायचं. दोघी जावांनी एकमेकींना दोष दिला, अबोला धरला, आणि एका घरात दोन चुली झाल्या.

पुढे धाकटी मला कधीकधी वर्गात न्यायची. तेवढेच माझे बरे दिवस. ती मुलांना सांगायची, "काही देशांत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होतं. काही ठिकाणी पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा देतात. तर काही ठिकाणी मतदार पहिली पसंती, दुसरी पसंती असे आकडे लिहितो. लोक तेच असले, तरी रीत बदलली की निकाल बदलू शकतो."

"बाई, मग आपला दवाखाना वाचला असता?" एका मुलीने विचारलं.

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. त्याच संध्याकाळी त्या आपणहून थोरलीच्या चुलीपाशी जाऊन बसल्या, असं शिपाई सांगत होता.

मग दोघींनी दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या. बऱ्याच खटपटीनंतर पसंतीचे आकडे लिहायचा नियम झाला. मला केवढा आनंद झाला! पण नवी मतपत्रिका चांगली लांबरुंद आणि जाड. शिपायाने घडी घालून माझ्या तोंडात कोंबून पाहिली. अर्ध्यातच अडकली.

"साहेब, हिच्या तोंडात जात नाही."

"मग ठेव जिन्याखाली."

ज्या बदलाची मी इतकी वाट पाहिली, त्यानेच मला घरी बसवलं. वाईट वाटलं, मित्रांनो, फार वाईट वाटलं.

या खेपेला दोघी जावा पुन्हा उभ्या राहिल्या, पण एकाच गाडीतून हिंडत. "पहिली पसंती मला, दुसरी जाऊबाईंना!" दोघी हेच सांगायच्या. मोजणीचा गलबला मी खालूनच ऐकला. कंत्राटदाराला पुन्हा दहातली चारच. धाकटी थोडक्यात सर्वात मागे राहिली, म्हणून तिच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती पाहिली. ती जवळजवळ सगळी थोरलीची निघाली आणि थोरली जिंकली. सिमेंटची पोती हलली.

परवा त्या दोघी अडगळ काढायला आल्या होत्या.

"जाऊबाई, ही भंगारात द्यायची का?" धाकटीने विचारलं.

थोरलीने पदराने माझी धूळ पुसली. "राहू दे गं. हिने तेव्हाही सगळी मतं नीट आणून दिली होती. मोजायची रीतच आपल्याला पुरली नाही."

मग दार लागलं आणि मी पुन्हा एकटी.

मित्रांनो, मला भेटायला या असं म्हणणार नाही. खरं तर आलात तर बरं वाटेल. पण मोठे झालात की मत टाकून तसेच घरी जाऊ नका. ते कसं मोजणार, हेही विचारा. मला ते विचारता आलं नाही. आता समोरून अधूनमधून एखाद्या तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येतं. तेवढीच मला सोबत.