काढून ठेवलेलं

कंपनीच्या मोठ्या स्वयंपाकघरात ताईंचा शब्द शेवटचा. चार ऑफिसांचं दुपारचं जेवण त्यांच्या हाताखालून जायचं, आणि मिठाच्या बाबतीत तर साहेबांचीही तोंड उघडायची टाप नव्हती.

यंदा साहेबांना सामाजिक जबाबदारीची हुक्की आली. उरलेलं अन्न फेकायचं नाही, डबे भरून वृद्धाश्रमात पाठवायचं, असं ठरलं. ताईंनी ते लगेच उचलून धरलं. त्याच वृद्धाश्रमात त्यांचे उस्ताद राहत होते. कांदा चिरताना बोटं कुठे ठेवायची इथपासून सगळं त्यांनीच ताईंना शिकवलेलं. अलीकडे उस्तादांचं अन्न पार तुटलं होतं. आपल्या हातचं मिळालं की खातील, अशी ताईंना आशा होती. डब्यांवरच्या चिठ्ठ्याही त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिल्या: ‘उरलेलं, पण ताजं.’ खोटं कशाला लिहायचं?

चौथ्या दिवशीही एक डबा न उघडता परत आला.

“उस्तादांचाच,” ड्रायव्हरकाका म्हणाले. “बाकीचे चाटूनपुसून खातात. यांनी चिठ्ठी वाचली, ‘हे तिचंच अक्षर’ म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. डॉक्टर आणखी दोन दिवस बघणार, नाहीतर नाकातून नळी.”

ताईंनी परत आलेला डबा हातात घेतला. चिठ्ठी त्यांनी पुन्हा वाचली आणि त्यांचे कान गरम झाले.

उस्तादांची एक पद्धत होती. पातेलं शेगडीवरून उतरलं की पहिला डाव ते उशिरा जेवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या माणसांसाठी बाजूला काढायचे, पाहुणे मागाहून. एकदा ताईंनी भांडी घासणाऱ्या बाईंना तळाचं खरवडून वाढलं होतं. उस्तादांनी ते ताट उचलून ताईंच्याच पुढ्यात ठेवलं. “आपल्या माणसाला उरलेलं देत नाहीत गं. त्याच्यासाठी काढून ठेवतात.” त्या दिवशी ताईंना घास गिळवला नव्हता. आणि आता त्यांनी उस्तादांनाच लेखी कळवलं होतं, तुम्ही उरलेल्यातले म्हणून. ताईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सूप उतरल्या उतरल्या त्यांनी वृद्धाश्रमाचे वीस डबे पुढे ओढले.

“अहो ताई, ऑफिसचं अजून भरायचंय!” साहेब धावत आले.

“आधी हे.”

“मग ते उरलेलं कुठे राहिलं? वाया जाणारं अन्न वाचवलं, असं अहवालात लिहायचंय मला!”

“अहवाल बदला. नाहीतर उद्यापासून सूप तुम्ही ढवळा.”

साहेबांना चहासुद्धा धड जमत नव्हता. ते गुपचूप झाकणं लावायला लागले. ताईंनी नव्या चिठ्ठ्या लिहिल्या: ‘तुमच्यासाठी काढून ठेवलेलं.’

दुपारी ड्रायव्हरकाका परतले, तेव्हा ताईंचा हात उस्तादांच्या डब्यावर अडखळला. उचलून बघायचा धीर होईना. शेवटी उचलला, तर हलका लागला. आत थेंबभर सूप उरलं नव्हतं. चिठ्ठीच्या मागे थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मीठ कमी. उद्या काढून ठेवण्याआधी चाखून बघ.’

ताईंचे डोळे भरून आले. ते पुसत त्या शेगडीकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, “आज सुपात मीठ कुणी घातलं होतं?”

सगळ्यांनी ताईंकडेच बघितलं. घातलं त्यांनीच होतं.