हेझलचं एम.ए.

उत्तनच्या मॅथ्यूने आपल्या मुलीला, हेझलला, शिकवण्यासाठी होडी गहाण ठेवून मासळीच्या व्यापाऱ्याकडून कर्ज काढलं होतं. १९९४ साली ती समाजशास्त्रात एम.ए. झाली. एका कॉलेजात तिला तासांवर शिकवायचं काम मिळालं, पण त्या पैशांत कर्जाचं व्याजही भागत नव्हतं. पुढच्या वर्षी व्यापाऱ्याने होडी नेली. तरी कर्ज उरलंच. मॅथ्यू दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागला.

हेझलने भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कारकुनाची नोकरी शोधली. पगार दुप्पट होता.

"पप्पा, मी शिकवणं सोडतेय," ती म्हणाली.

"ही नोकरी बारावीवर मिळाली असती काय?"

"मिळाली असती."

"मंग तुला शिकवलं ते माझं चुकलंच."

"तसं न्हाय, पप्पा. वर्गात मला फार बरं वाटायचं."

सोमवारी ती कारखान्यात रुजू झाली. काही वर्षांनी कर्ज फिटलं. तोवर मॅथ्यूचे गुडघे कामातून गेले होते. नवी होडी घ्यायचा विषय मग कुणी काढलाच नाही.