जमिनीवर न सांडलेलं तेल

मी एक जुनी मोटार आहे आणि माझ्या मनात राग आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या. मित्रांनो, जुनी वस्तू बोलायला लागली की लोकांना वाटतं, आता ही उसासे टाकत गेलेले दिवस आठवणार. मला ते करायचं नाही. माझ्यामुळे एका भल्या माणसाला चोर ठरवलं गेलं. ज्यांनी ठरवलं त्यांची फजिती बघायला मी दोन वर्षं टपून बसले होते.

मी कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग फिकट निळा होता. लाकडाच्या वखारीच्या मालकांनी मला विकत घेतलं. वखारीच्या आवारात पत्र्याचं एक छप्पर होतं. त्याच्याखाली मी उभी राहायचे आणि दिवसभर करवतीचा भुसा माझ्या काचेवर बसायचा. तो पुसायचे ते मामा. मामा म्हणजे माझे ड्रायव्हर. खरं तर ते कुणाचेच मामा नव्हते, पण हमालांपासून मालकांच्या लेकीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत.

रोज सकाळी ते माझं बॉनेट उघडत. तेल किती आहे ते दाखवणारी पट्टी बाहेर ओढून पुसत, पुन्हा आत घालत, पुन्हा काढून उजेडात धरत. मग पाणी बघत. मग मला सुरू करून नुसते उभे राहून ऐकत. बारा वर्षं हे चाललं. पाहुणे आले की मालक माझ्या टपावर थाप मारून म्हणायचे, "एकदाही रस्त्यात बसली नाही ही. गाडी राखावी लागते." मामा बाजूला उभे राहून हसायचे. राखलं कुणी, हे मला ठाऊक होतं.

एकदा मामांची बहीण आजारी पडली आणि ते आठवडाभर तिच्याकडे गेले. नेमकं त्याच वेळी माझं इंजिन टकटक करू लागलं. मालकांनी नाक्यावरच्या मेस्त्रीला बोलावलं. त्यानं इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण काढलं. ह्या झाकणाखाली रबराचं पॅकिंग असतं. ते तेलाला आतच धरून ठेवतं. झाकण निघालं की पॅकिंग नवं टाकायचं, जुनं कडक झालेलं असतं. पण मेस्त्रीनं नवं आणलंच नव्हतं आणि मालकांना संध्याकाळी कुठंतरी जायचं होतं.

"होईल ना लवकर?" मालकांनी विचारलं.

"झालंच समजा," मेस्त्री म्हणाला. त्यानं तेच तडकलेलं पॅकिंग उचललं, त्याच्यावर पेस्ट थापली आणि झाकण आवळून टाकलं. हात पुसत म्हणाला, "नवंकोरं पॅकिंग टाकलंय."

महिन्याभरात मी मागच्या बाजूनं पाझरू लागले. तिथं वाकूनही कुणाला दिसत नाही. झाकणाच्या मागच्या कडेनं तेल उतरायचं आणि खालच्या तापलेल्या धुराच्या नळीवर पडून जळून जायचं. जमिनीवर एक थेंबही नाही. मामा सकाळी पट्टी बघायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. डिकीतल्या डब्यातलं तेल ओतायचे. चार दिवसांनी पुन्हा तेच. डबे भराभर संपू लागले.

"मालक, कुठंतरी गळतंय," मामा म्हणाले. "जळका वासही येतो. एकदा नीट उघडून बघायला पाहिजे."

मालकांनी पुन्हा त्याच मेस्त्रीला बोलावलं. तो माझ्याखाली वाकला, कोरडी फरशी बघितली आणि उठला. त्याला कळलं असणार. त्यानं झाकणाकडे बघितलंसुद्धा नाही, आणि जो माणूस बघायचं टाळतो त्याला ठाऊक असतं. "खाली डाग आहे का कुठं?" तो मालकांना म्हणाला. "गळत नाही. मग डबे जातात कुठं, हे ज्याच्या ताब्यात आहेत त्यालाच विचारा."

वखारीतली करवत तेव्हा बंद होती. जेवणाची सुट्टी होती. पंधरा-वीस माणसं डबे उघडून बसली होती. मालकांनी त्या सगळ्यांसमोर मामांना विचारलं, "तेल कुठं विकतोस?"

बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मामांना 'तू' म्हटलं होतं. मामांनी माझी किल्ली खिशातून काढून बॉनेटवर ठेवली आणि ते फाटकातून निघून गेले.

मित्रांनो, माझा हॉर्न अडकून बसला असता, वायर जळली असती, काहीही झालं असतं तरी चाललं असतं. पण मी तशीच गप्प उभी राहिले. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, की ह्या दोघांना एकत्र, माणसांसमोर, मान खाली घालायला लावायची.

चोर म्हटलेल्या माणसाच्या हातात कोण गाडी देणार? मामा भाजीबाजारात हातगाडी ओढू लागले. माझी देखरेख मेस्त्रीकडे गेली आणि कमी पडणारं तेल तो गुपचूप भरत राहिला. एकदा सिग्नलला ते अगदी माझ्या शेजारी येऊन थांबले. मालक मला स्वतः चालवत होते. मामांनी नाक वर केलं, वास घेतला आणि काचेपाशी वाकून म्हणाले, "मालक, मागनं तेल जळतंय. नळीवर पडतंय बहुतेक. आग लागेल एखाद्या दिवशी."

मालकांनी काच वर केली. माझा राग त्या काचेमुळे दुप्पट झाला.

दोन वर्षांनी मालकांनी मला विकायला काढलं. गिऱ्हाईक मेस्त्रीनंच आणलं. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. बाई दिसायला किरकोळ, पण नजर अशी की मेस्त्री त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभा होता. त्यानं माझं इंजिन धुऊन चकचकीत केलं होतं. "एक थेंब गळत नाही, बाई. झाकणाचं पॅकिंग मी स्वतः नवं टाकलंय."

तिघं माझ्यात बसली आणि मला टेकडीच्या चढावर घेतलं. खरं सांगते, धूर काढणं माझ्या हातात नव्हतं. चढावर इंजिन तापलं, तेल नळीवर पडलं आणि निळसर धूर डॅशबोर्डच्या झरोक्यांतून आत शिरला. पण त्या वेळी मला जो आनंद झाला, तसा नवी असतानाही कधी झाला नव्हता. मेस्त्री खोकत होता. मालक काच खाली करायला धडपडत होते.

बाई शांतपणे म्हणाल्या, "माझी एक विद्यार्थिनी गॅरेज चालवते. गाडी तिच्याकडे घ्या."

"कशाला, बाई, मी करून देतो ना," मेस्त्री म्हणाला.

"तुम्ही केलेलंच बघायचंय."

गॅरेजवाली चाळिशीची होती. तिनं घाई केली नाही. आधी इंजिन धुऊन कोरडं केलं. मग त्याच्यावर टाल्कम पावडर शिंपडली, मला सुरू केलं आणि स्टूल ओढून बसली. पाऊण तासानं तिनं दांडीला बांधलेला आरसा मागे घातला, टॉर्च लावला आणि बाईंना बोलावलं. पांढऱ्या पावडरीवर झाकणाच्या मागच्या कडेपासून एक काळा ओघळ उतरला होता, थेट नळीपर्यंत.

मग तिनं झाकण काढलं. पॅकिंगचे तुकडे बिस्किटासारखे तुटून तिच्या तळहातावर आले, वर पेस्टचा पापुद्रा. "हे गाडीबरोबरच आलेलं पॅकिंग आहे," ती म्हणाली. "नवं टाकलं असं कोण म्हणालं?"

बाईंनी मेस्त्रीकडे बघितलं. मालकांनी हळूच विचारलं, "पण खाली डाग कसा पडला नाही?"

"जळून गेलं सगळं. जळलेलं तेल जमिनीवर कसं सापडणार, काका? नुसता वास येतो. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

मालक पायरीवर बसले आणि मामांना चोर म्हटल्याचं त्यांनी सांगून टाकलं. त्यांचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. मेस्त्री आपले पाने-पक्कड गोळा करायच्या निमित्तानं निघून गेला. त्याचे पाने तिथं नव्हतेच. नंतर त्याच्याकडे कुणी गाडी नेईना. मला वाईट वाटलं नाही.

गॅरेजवालीनं नवं पॅकिंग बसवलं. इंजिनाची हवा बाहेर टाकणारी नळी काजळीनं चोंदली होती, तीही साफ केली, नाहीतर आतला दाब नव्या पॅकिंगलाही फोडून बाहेर आला असता. बाईंनी मला घेतलं, पण एका अटीवर. ज्या माणसाला चोर म्हटलं, त्याला मालकांनी वखारीत बोलावून सगळ्यांदेखत खरं सांगायचं.

मालकांनी ते केलं. दुपारची वेळ होती, तीच माणसं डबे घेऊन बसली होती. "मामा, तुम्ही तेल घेतलं नव्हतं. मी न बघताच बोललो," ते म्हणाले. "परत या कामाला."

मामांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. "नको मालक. आता इथं काही हरवलं, की आधी मीच माझे खिसे चाचपीन. असं काम होत नाही."

ते गेले. मी बाईंबरोबर फाटकात उभी होते. मला वाटलं होतं, सूड पुरा झाला की इंजिन हलकं होईल. तसं काही झालं नाही. मालक झुकले, मेस्त्री बुडाला, पण मामा हातगाडीच ओढायला गेले. म्हणून माझा राग अजून आहे आणि तो मी सोडणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तिची तेलाची पट्टी बघत जा. तेल कमी भरलं तर का कमी भरलं ते शोधा. पावडर शिंपडा, आरसा घाला, वास घ्या. आणि एवढं माझ्यासाठी करा, की कुणाविषयी तोंड उघडण्याआधी बॉनेट उघडा.