शेवटून दुसरी ओळ

चारुलता बुलढाण्याच्या एका दवाखान्यात डोळे तपासायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला सहा आठवड्यांनी पुन्हा तक्त्यासमोर बसवायचं आणि आधी किती दिसत होतं, आता किती दिसतं, ते लिहायचं. या तपासणीनंतर माणसं हसत घरी जातात, म्हणून तिला हे काम आवडायचं.

धामणगाव बढ्याच्या विमलबाईंना डिसेंबरात उजव्या डोळ्याने हातभर अंतरावरची बोटंही मोजता येत नव्हती. डावा डोळाही तसाच अधू. यजमान शेषराव त्यांना हाताला धरून घेऊन आले होते.

"काका, तुमचेही डोळे बघू का?" चारुलताने विचारलं होतं.

"पह्यले हिचं होऊ द्या. मले दिसते चांगलं."

बाहेर रांग मोठी होती. तिने पुन्हा विचारलं नाही.

ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी निघून आठवडा होतो न होतो तोच विमलबाई न बोलावता आल्या, नवऱ्याला पुढे घालून.

"ताई, यायचे डोळे पाहा. हे पेल्याच्या बाहीर पानी ओततात. चालताना चौकटीले खांदा लागते. म्या आंधळी होती तं मले काय समजन? आता दिसून राह्यलं मले."

शेषरावांना काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढून बाजूची नजर केव्हाच गेली होती, आता मधलीही चालली होती. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि स्पष्ट सांगितलं, "गेलेली नजर परत येत नाही, ऑपरेशननेही नाही. उरली आहे ती टिकवायची."

डिसेंबरात दोन मिनिटं काढली असती तर थोडी तरी नजर वाचली असती, हे चारुलताला कुणी सांगायची गरज नव्हती.

ऑपरेशनला सहा आठवडे झाल्यावर दोघं तपासणीला आले. या खेपेला विमलबाईंनी शेषरावांना धरलं होतं. त्यांना बाकावर बसवून त्या तक्त्यासमोर बसल्या. शाळा न शिकलेल्यांच्या तक्त्यावर अक्षरं नसतात. तीन दात्यांची एकच खूण असते आणि दाते कुठल्या बाजूला आहेत तेवढं सांगायचं असतं.

चारुलताने त्यांचा डावा डोळा झाकला. "काकू, ही?"

"वर."

"ही?"

विमलबाईंनी एकदा बाकाकडे पाहिलं. "नाही दिसत."

"ही तर मोठी आहे, काकू."

"नाही दिसत म्हनलं न, ताई."

चारुलताने बॅटरीने डोळा पाहिला. ऑपरेशनात बसवलेलं भिंग जागेवर होतं, डोळा निवळशंख होता.

तेवढ्यात शेषराव बोलले, "ती खोटं बोलून राह्यली, मॅडम. काल तिनं तांदळातले खडे येचले. माह्या सदऱ्याचं बटन लावलं, सुई बी सोताच ओवली." मग बायकोकडे तोंड करून म्हणाले, "काऊन लपवतं वं? मले वाईट वाटन म्हणून? मोठ्यानं सांग. मले आयकू दे."

विमलबाईंनी पदराने तोंड पुसलं. "खाली," त्या म्हणाल्या. "उजवीकडं. वर. डावीकडं." ओळीमागून ओळ खाली सरकत गेली. एकही खूण चुकली नाही. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत त्या पोचल्या, तेव्हा शेषराव म्हणाले, "शाबास."

विमलबाईंना तिथे रडू आवरलं नाही. चारुलताने कागदावर त्या ओळीचा आकडा, 'सहा-नऊ', लिहिला आणि त्यांच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख दिली, मार्चमधली.

मार्चमधल्या त्या दिवशी पेशंटना न्यायला आलेली दवाखान्याची गाडी धामणगावच्या चौकात थांबून रिकामी परतली. चारुलताने फोन केला. शेषरावांनी उचलला.

"लय समजावलं मॅडम तिले, आयकतच नाही. दोन दिस तिकडं राह्यली तं माह्या डोळ्यात थेंब कोन टाकन म्हणते. पोरगी येतो म्हणते वडनेरहून, तरी नाही."

"काका, फोन त्यांना द्या ना. मी बोलते."

"थांबा," शेषराव म्हणाले. पलीकडे भांड्यांचा आवाज झाला, मग विमलबाईंचा, "बंद करा तो फोन. टाइम झाला. मान वर करा."