युनिट वाढवलं

गोदाबाईंनी गच्चीच्या कठड्यावर गादी पसरली आणि काठी उचलली. दोन तडाख्यांत एवढी धूळ उडाली, की वरच्या खोलीतून खोका घेऊन बाहेर आलेली विभावरी शिंकली.

"पुण्याच्या नाकाला नजरबादची धूळ अजून सोसत नाही वाटतं."

"सोसायला लागली होती, काकू. तेवढ्यात तुम्ही जा म्हणालात."

गोदाबाईंनी तिसरा तडाखा दिला.

पुण्याहून या कन्नड मुलखात आलेली विभावरी त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायची, सौर विजेच्या कंपनीत नोकरीला जायची. गोदाबाईंचा मुलगा रघूत्तम याच मुलखात दूर उत्तरेकडे, कोळशाच्या वीजकेंद्रात इंजिनीअर. वडील गेले तेव्हासुद्धा त्याला यायला उशीर झाला, कारण वीज तयार करणारं युनिट सोडता येईना. लग्न केलं नाही. केलंय की, गोदाबाई म्हणायच्या, त्या युनिटशी. रोज कॉफी पिताना 'तुमचा धूर' आणि 'तुझं ऊन' अशी दोघींची जुंपायची, आणि गोदाबाई कधी हार जायच्या नाहीत. मग गेल्या महिन्यात रघूत्तमचा फोन आला, आणि त्या आपण होऊन हरल्या. ऊन जिंकलं तर जिंकू दे. मुलगा घरी येत होता. त्यांनी विभावरीला जागा सोडायला सांगितलं.

खाली फाटक वाजलं. रघूत्तम जिना चढून वर आला. हातात एकच पिशवी.

"सामान मागून येतंय?" गोदाबाईंनी विचारलं.

"कसलं सामान, अम्मा? उद्या परत जायचं." तेवढ्यात त्याला खोके दिसले. "विभावरी, घर बदलताय?"

विभावरीने गोदाबाईंकडे पाहिलं. गोदाबाईंनी काठीकडे.

"तू येणार म्हणून," त्या म्हणाल्या. "फोनवर तूच सांगितलंस ना, युनिट वाढवलं."

"हो. वाढवलं. आणखी पाच वर्षं."

रघूत्तम आईच्या तोंडाकडे बघत राहिला. या मराठी घरात फुटलं, तुटलं, विझलं, बंद पडलं असं कुणी म्हणत नसे. लहानपणी 'दिवा विझला' म्हटल्याबद्दल त्याने याच गच्चीवर मार खाल्ला होता. दिवसभर कन्नड बोलून बोलून ते तो विसरला होता.

"अय्यो अम्मा, तुला वाटलं, बंद केलं?"

"मग चांगल्या घरात बंद केलं म्हणतात का? बांगडी वाढवतात. नारळ वाढवतात. संध्याकाळी दुकान वाढवतात. मी म्हटलं, चला, पोराने एवढी तरी रीत ठेवली. आपल्या सोसल्याच्या मठात नवसाचं तूप देऊन आले मी!"

विभावरीला हसू फुटलं. तिने ते ओठांत दाबलं आणि खोका जमिनीवर ठेवला.

रघूत्तम पायरीवर बसला.

"बंदच करणार होते. कागदसुद्धा निघाला होता. पण दुपारी यांचं ऊन पुरून उरतं, तेव्हा आम्ही युनिट निम्म्यावर आणतो. ऊन उतरलं, की सगळ्या गावाला एकदम दिवे हवेत, मिक्सर हवा, ए.सी. हवा. मग आम्हाला पुन्हा वर न्यावं लागतं. बॅटऱ्या पुरेशा येईपर्यंत असंच. रोज खाली-वर करायला ते जुनं मशीन बनलेलंच नाही. कुरकुरतं."

"आणि तुझ्यावाचून दुसरं कुणी नाही त्याची कुरकुर ऐकायला?"

"आहेत. राहशील का, असं मला विचारलं होतं. मी हो म्हणालो."

गोदाबाईंनी गादी उलटी केली. या बाजूला धूळ फारशी नव्हती, तरी त्या झोडपत राहिल्या. रघूत्तमने उठून काठी धरायला हात पुढे केला.

"बिडु," त्या म्हणाल्या. "सोड. मला येतं. खाली जा, हात-पाय धू. हुळी-भात केलाय, निवतोय. आणि जेवताना त्या मशीनचं नाव काढू नकोस."

तो खाली गेला. खाली नळ सुटल्याचा आवाज आला. गोदाबाईंनी काठी भिंतीला टेकवली, पदराने कपाळ पुसलं आणि विभावरीच्या खोलीत शिरल्या. मधोमध एक मोठा खोका बांधून ठेवला होता. त्यांनी तो हलवून पाहिला. आत काहीतरी खणखणलं.

"स्टीलच्या डब्यांत काचेचे पेले कोंबलेस? तुझ्या आईने भरायलासुद्धा शिकवलं नाही. काढ ते."

"काढून परत कसे भरू?"

"भरायचे कशाला?"

विभावरी हातात कात्री घेऊन उभी राहिली. "म्हणजे मी राहू, काकू? नव्या जागेची किल्ली अजून घेतलेली नाही."

"मला काय विचारतेस? तुझं ऊन मावळतं, म्हणून माझा मुलगा तिकडे अडकलाय. मग रोज संध्याकाळी या घरात बसायचं कुणी?" गोदाबाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या. "तूच बस."

विभावरीने खोक्यावरची चिकटपट्टी ओढली. पट्टी मोठ्याने करकरत निघाली, आणि तिने पहिला पेला काढून गोदाबाईंच्या हातात दिला.